रिळं भंगारात काढण्याआधी यादी तरी लावा

प्रति,
सार्वजनिक नभोवाणीच्या ध्वनिसंग्रहाचं काय करायचं हे ठरवणारे सर्व अधिकारी

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एका जुन्या ओळखीच्या तंत्रज्ञाचा फोन आला. "ताई, टेप लायब्ररी रिकामी करायला सांगितलीय. रिळं निर्लेखनाच्या, म्हणजे भंगारात काढायच्या, यादीत टाकलीत. बघायची असली तर लवकर या." दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी गेले. जिन्याखाली पुठ्ठ्याची खोकी एकावर एक रचली होती. वरच्या दोन खोक्यांना पावसाचं पाणी लागून पुठ्ठा फुगला होता. हात घालून एक डबी बाहेर काढली तर तिच्या पाठीवर माझंच अक्षर: कार्यक्रमाचं नाव, तारीख, कालावधी १४ मिनिटं ३० सेकंद.

हे पत्र मी रीतसर टपालानेही पाठवलं आहे. पण इथे जाहीरपणे लिहिते आहे, कारण त्या खोक्यांवर ज्यांचा हक्क आहे त्या श्रोत्यांपैकी कुणालाच हे माहीत नाही. केंद्राचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की प्रश्न एका इमारतीचा आणि एका साहेबांचा होतो, खुलासा मागवला जातो, खोकी दुसऱ्या खोलीत जातात आणि विषय मिटतो. मला तो तसा मिटायला नको आहे.

मी १९८६ ते २००८ तिथे नैमित्तिक निवेदिका होते. महिन्याला सहा ड्युट्या. ड्युटी नसेल तेव्हा मुलाखतींच्या कामात मदतीला बसायचे. पाहुण्यांना चहा द्यायचा, करारपत्रावर सही घ्यायची, आवाजाची पातळी जुळवण्यासाठी "सकाळी काय खाऊन निघालात?" असं विचारून त्यांना बोलतं करायचं आणि रात्री टेप कापत बसायचं. हे शिकवणारे आमचे कार्यक्रम अधिकारी आता नाहीत. ते असते तर हे पत्र त्यांनी लिहिलं असतं, आणि माझ्यापेक्षा बरं लिहिलं असतं.

त्या डबीत काय आहे ते सांगते. १९९१ च्या हिवाळ्यात तमाशातल्या एक वयस्कर कलावंत आमच्याकडे आल्या होत्या. त्यांचं नाव छापू नये अशी घरच्यांची इच्छा आहे. हातात डझनभर हिरव्या बांगड्या, त्या माइकवर वाजायच्या. काढा म्हणायला आम्हाला संकोच वाटत होता. त्यांनीच ओळखलं. माझा रुमाल मागून घेतला, बांगड्या कोपरापर्यंत सारल्या, वरून रुमाल आवळून बांधला आणि म्हणाल्या, "हां, आता इचार."

१९७२ च्या दुष्काळात फड कसा जगवला ते त्या सांगत होत्या. दिवसा सगळी मंडळी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. ढोलकीवाल्याची बोटं फुटायची आणि रात्री तो त्याच बोटांनी वाजवायचा. तिकिटाला पैसे कुणाकडे नव्हते, मग कुणी सुकडी आणून द्यायचं, कुणी मिलोचं पीठ. बोलता बोलता मी त्यांच्या लेकीबद्दल विचारलं आणि त्या गप्प झाल्या. अकरा सेकंद. सेकंदाला साडेसात इंच या वेगाने अकरा सेकंद म्हणजे जवळजवळ सात फूट टेप. रात्री संकलन करताना कार्यक्रम साडेचौदा मिनिटांत बसेना, म्हणून मी ते सात फूट ब्लेडने कापले आणि गळ्यात अडकवले. कापलेला तुकडा हरवू नये म्हणून आम्ही सगळेच तसं करायचो. आमचे कार्यक्रम अधिकारी साहेब मागे उभे होते. म्हणाले, "पुढचे तुझे दोन प्रश्न काप. त्यांचं गप्प बसणं परत जोड." मी जोडलं. त्या सात फुटांच्या दोन्ही टोकांना पांढरी चिकटपट्टी आहे आणि ते रीळ आज जिन्याखाली आहे.

मुलाखतीची संहिता छापून ठेवली की काम भागतं, असं मला त्या दिवशी तुमच्या कार्यालयात सांगण्यात आलं. संहितेत त्या जागी तीन टिंबं येतील, फार तर. आणि मुळात अशा गप्पांची संहिता कुणी केलेलीच नसते. समोरचा माणूस बोलायचा, टेप फिरायची. कागदावर राहायचं ते करारपत्र आणि क्यू शीट, म्हणजे कार्यक्रमाचा क्रम आणि वेळा लिहिलेला कागद.

रेडिओच्या संग्रहाचा विषय निघाला की लोकांना गाणी आठवतात, नभोनाट्यं आठवतात, फार तर मोठ्या साहित्यिकांची भाषणं. ती जपायलाच हवीत, आणि जिथे जपली गेली तिथे जपणाऱ्यांचे आभार. मुंबईत नियमित प्रसारण २३ जुलै १९२७ ला सुरू झालं, नागपूर केंद्र १९४८ साली आलं, पुणे २ ऑक्टोबर १९५३ ला. या केंद्रांवर नोकरीला कोण होतं ते पाहा: मंगेश पाडगांवकर मुंबईला, व्यंकटेश माडगूळकर पुण्याला, बा. भ. बोरकर पुण्याला आणि मग पणजीला. जितेंद्र अभिषेकी मुंबई केंद्राच्या कोंकणी विभागात होते. ज्यांच्या मुलाखती घ्याव्यात अशी माणसंच मुलाखती घेत होती. पण या सगळ्यांची पुस्तकं आहेत, ध्वनिमुद्रिका आहेत. उद्या रीळ गेलं तरी ही माणसं आपल्याला पुरती नाहीशी होणार नाहीत.

माझा जीव अडकलाय तो बाकीच्यांत. रेडिओला रोज तासन्‌तास भरायचे असायचे, म्हणून रेडिओने सगळ्यांना बोलावलं. शाहीर आले, भारुडं करणारे आले, सुईणी आल्या. हमालांच्या संघटनेतले, विडी कामगार बायकांच्या मोर्च्यात पुढे चालणाऱ्या, बाबा आढावांच्या 'एक गाव एक पाणवठा' चळवळीत गावोगाव फिरलेले कार्यकर्ते आले. त्यांतल्या किती जणांनी आत्मचरित्र लिहिलं? कितीजणांना सहीच्या जागी अंगठा उठवावा लागला हे मला माहीत आहे, शाईचा पॅड मीच पुढे करायचे. लिहिणाऱ्यांचं लिखाण मागे राहतं. जे फक्त बोलले त्यांचं एक रीळ राहतं, आणि बहुतेकांचं आयुष्यभरात एकच.

बहिणाबाईंच्या ओव्या सोपानदेवांनी कागदावर उतरवल्या म्हणून १९५२ साली पुस्तक झालं, नाहीतर त्या शेतातच राहिल्या असत्या. ज्यांच्या घरात सोपानदेव नव्हते, त्यांचा सोपानदेव कधी कधी आमचा टेप रेकॉर्डर होता. मी हे अभिमानाने म्हणते आहे.

आता तक्रारी.

सगळ्यात आधी यादीची. कुणाची रिळं आहेत आणि किती, हे आज केंद्रातलं कुणीही सांगू शकत नाही. माझ्या काळात तीन जाड नोंदवह्या होत्या आणि अंदाजे तीन हजार रिळं. आता एक वही सापडली, तिचेही शेवटचे चार-पाच फर्मे वाळवीने खाल्लेत. मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. मुदतीत उत्तर आलं हे मान्य करते. उत्तर एका ओळीचं होतं: मागितलेली माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही. माझं म्हणणं इतकंच, की जी माहिती संकलित नाही तिच्या आधारावर निर्लेखनाचा निर्णय घेतलाच कसा?

निर्लेखनाचा तो तक्ता मला दुरून पाहायला मिळाला. पंखे, लोखंडी खुर्च्या, बॅटऱ्या आणि त्याच्या खाली 'चुंबकीय टेप, जुन्या'. रकाने खरेदीचं वर्ष, मूळ किंमत, घसारा, सध्याची किंमत असे. टेपवर कोण बोलतंय याला रकाना नाही. खुर्चीच्या बाबतीत तो तक्ता बरोबर आहे. कोरी टेप ही वस्तू आहे हेही खरं, पण तिच्यावर माणूस बोलला त्या दिवसापासून ती वस्तू राहिलेली नाही. ग्रंथालयातली पुस्तकं रद्दीच्या भावाने मोजून कुणी यादी केली असती तर ती तुम्हीसुद्धा परत पाठवली असती.

पूर्वी आम्हीही टेपा पुसल्या आहेत, हे लपवून पुढे जाता येणार नाही. टेप महाग होती, नेहमी कमी पडायची. महिनाअखेर पुसायच्या रिळांची यादी यायची आणि ती एकेक करून विद्युतचुंबकाच्या पेटीवर फिरवायची. घड्याळ काढून ठेवावं लागायचं, नाहीतर बंद पडायचं. मी घड्याळ काढून कितीतरी माणसं पुसली आहेत. एका कुंभाराची मुलाखत होती, चाकाच्या आवाजासकट. ती पुसून त्याच टेपवर खतांच्या मात्रांची माहिती भरली. तेव्हा दुसरा इलाज नव्हता असं मी स्वतःला सांगत आले. आज तर तोही आधार नाही. आज टेप पुन्हा वापरायची नाही, तिच्यावर काही भरायचं नाही. फक्त खोली हवी आहे.

ज्या थोड्या रिळांचं डिजिटायझेशन झालं त्यांची निवड नावावरून झाली. आधी संगीत, मग मोठी नावं, बोललेला शब्द शेवटी, आणि बोलणारा अनोळखी असेल तर कधीच नाही. निवड करायला बसलेल्या तरुण मुलांचा दोष नाही. डबीवरचं नाव त्यांना ओळखीचं नव्हतं, आणि ओळख करून देणाऱ्या आम्हाला कुणी विचारलं नाही. तीन तालुक्यांत आम्ही जुने निवेदक, तंत्रज्ञ, वादक अजून आहोत. सगळे साठीच्या पुढे आहेत. डबीवर फक्त 'आक्का, विडी कामगार' असं लिहिलेलं असलं तरी कोण आक्का ते आमच्यातला कुणीतरी सांगेल. पण हे अजून किती वर्षं चालणार?

यंत्रांचंही तसंच. टेप वाजवायची यंत्रं आता कुणी नव्याने करत नाही असंच समजा. टेपवरचा आवाज वाचणारे हेड झिजले की मिळत नाहीत, पट्टे आणि रबरी चाकं जुन्या यंत्रांतून काढून लावावी लागतात. आमच्या केंद्रात दोन यंत्रं उरली आहेत आणि त्या निर्लेखनाच्या तक्त्यात तीही आहेत. रिळांच्या बरोबर ती वाजवणारं यंत्रही भंगारात. युनेस्कोच्या एका उपक्रमाने ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला बरोबर घेऊन २०१९ साली जगभर सावध केलं होतं, की चुंबकीय टेपांवरचं जे २०२५ च्या सुमारास उतरवून घेतलं जाणार नाही, ते पुढे ऐकणं जवळजवळ अशक्य होईल, कारण चालू यंत्रं आणि ती जाणणारे हात दोन्ही संपत चालले आहेत. ती मुदत आपल्या डोळ्यांसमोरून गेली.

टेप स्वतःहूनही मरते. अगदी जुन्या अॅसिटेट टेपांना व्हिनेगरचा आंबट वास सुटतो आणि त्या आकसतात. नंतरच्या काही पॉलिएस्टर टेपांमधला चुंबकीय लेप धरून ठेवणारा थर हवेतली ओल शोषतो. मग टेप हेडला चिकटते, किंचाळते आणि तपकिरी भुकटी सोडते. ती भुकटी म्हणजेच आवाज. अशा टेपा नियंत्रित उष्णतेत काही तास ठेवून थोड्या काळापुरत्या वाजवण्याजोग्या करता येतात, हे ध्वनिसंग्रहाच्या कामात सगळे जाणतात. जिन्याखालच्या ओलीत त्या काय होतील तेही सगळे जाणतात.

खर्चाचं कारण मला दोनदा ऐकवलं गेलं, म्हणून हिशेब मांडते. तीन हजार रिळं, एकेक सरासरी अर्ध्या तासाचं धरलं तर १५०० तास. संग्रहासाठी जे वरचं प्रमाण मानतात (९६ किलोहर्ट्झ, २४ बिट) त्या दर्जाने एका मार्गिकेचा (मोनो) एक तास साधारण एक गिगाबाइट होतो. म्हणजे सगळा संग्रह दीड टेराबाइटमध्ये, हाताच्या तळव्यावर मावणाऱ्या एका डिस्कवर. सुरक्षित म्हणून तीन प्रती तीन गावांत ठेवा, तरी तीन डिस्क. खरा खर्च वेळेचा. टेप जितकी लांब तितकाच वेळ ती वाजवावी लागते. एका यंत्रावर दिवसाला सहा तास काम केलं तर २५० दिवस. एक यंत्र, एक तंत्रज्ञ, एक जुना माणूस आणि एक वर्ष.

असं काम आपल्याकडे झालेलंही आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावागावांतल्या बायकांबरोबर बसून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या आज जमा आहेत आणि पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या) संग्रहात त्या बायकांच्या नावागावासकट वाचता येतात, कित्येक त्यांच्याच आवाजात ऐकता येतात. ते काम कुठल्या नभोवाणी केंद्राने केलेलं नाही. परदेशातलं एकच उदाहरण देते. शिकागोच्या एका नभोवाणीवर स्टड्स टर्केल १९५२ ते १९९७ माणसांना बोलतं करत होते. मार्टिन ल्यूथर किंग त्यांच्याकडे बोलले आणि साधे कामकरीही बोलले. सुमारे ५६०० कार्यक्रम. ती रिळं टिकली, नोंदली गेली आणि २०१८ पासून त्यांतली बरीच कुणालाही ऐकता येतात. टर्केलचं नाव मोठं होतं हे मान्य. पण त्यांच्यासमोर बसलेल्या अनेकांचं मोठं नव्हतं, आणि आज त्यांचाही आवाज उरला आहे.

शेवटची तक्रार मला सगळ्यात जास्त लागली आहे. त्या कलावंत बाईंच्या नातीने गेल्या वर्षी मला शोधून काढलं. तिचा जन्म आजी गेल्यानंतरचा. आजीचा एक फोटो आहे, तोही लग्नातला, गर्दीत मागे उभी असलेली. आवाज तिने कधी ऐकला नाही. तिने केंद्राकडे लेखी मागणी केली, पैसे भरायची तयारी दाखवली. आधी सांगितलं, शोधावं लागेल. मग सांगितलं, यंत्र बंद आहे. मग, प्रत देण्याचे हक्क कुणाकडे ते तपासावं लागेल. मग पत्रोत्तर थांबलं. हक्कांचे प्रश्न खरे असतात, ते सोडवायलाच हवेत. पण हक्क तपासायचा म्हणून जी टेप नातीला ऐकवता येत नाही, तीच टेप कुठलाही हक्क न तपासता भंगारवाल्याला कशी विकता येते?

आमच्या लहानपणी रेडिओ घरात ठेवायला परवाना लागायचा. वडील दर वर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे, पुस्तिकेवर शिक्का मारून आणायचे आणि ती पुस्तिका रेशनकार्डाशेजारी ठेवायचे. अशा लाखो घरांच्या पैशांतून हा रेडिओ उभा राहिला. त्याची रिळं तुमच्या ताब्यात आहेत, मालकीची नाहीत, एवढं मी नम्रपणे पण स्पष्ट सांगते.

मागण्या या आहेत.

बोललेल्या शब्दाच्या कुठल्याही रिळाचं निर्लेखन, लिलाव किंवा केंद्राबाहेर हलवाहलव लगेच थांबवा आणि तसा लेखी आदेश सगळ्या केंद्रांना पाठवा. टेप वाजवणारी यंत्रं कुठल्याही तक्त्यात असतील तर ती बाहेर काढा. त्यानंतर प्रत्येक केंद्राने आपल्याकडच्या रिळांची यादी मराठीत जाहीर करावी. बोलणाऱ्याचं नाव, गाव, विषय, तारीख, कालावधी, मुलाखत घेणाऱ्याचं नाव, एवढं पुरे. यादी अपुरी असली, चुकीची असली तरी लावा, लोक दुरुस्त करतील.

उतरवून घेण्याचा क्रम नावाच्या मोठेपणावर ठरवू नका. आधी जी रिळं खराब होत आहेत ती घ्या, मग ज्यांचं दुसरीकडे काहीच नाही त्यांची. हे ठरवताना त्या त्या केंद्राचे निवृत्त कर्मचारी आणि नैमित्तिक निवेदक यांना बरोबर घ्या.

बोलणाऱ्या माणसाच्या कुटुंबाला प्रत द्या, साठ दिवसांत. अभ्यासकांना केंद्रात बसून ऐकू द्या. सगळ्यांसाठी खुलं करण्याचा निर्णय कुटुंबाला विचारून घ्या, कारण काही गोष्टी त्या माणसांनी तेव्हाच्या भरवशावर सांगितल्या होत्या. आणि जे रीळ खरोखरच वाचवता येणार नाही, त्याच्यावर कोण होतं, काय होतं आणि ते का गेलं याची नोंद कायम राहू द्या.

आम्ही सातजण लागेल तितके दिवस येऊन बसायला तयार आहोत, मानधन नको. माझं अक्षर मला अजून वाचता येतं आणि जोडलेल्या टेपेचा सांधा कुठे सुटेल ते हाताला कळतं. परवानगीचा अर्ज मी २२ तारखेला दिला आहे, पोच माझ्याकडे आहे.

बाकी सगळ्याला वेळ लागेल हे मी समजू शकते. पण एका गोष्टीला लागणार नाही. पाऊस अजून दोन महिने आहे. उद्या सकाळी कुणालातरी सांगून ती खोकी जिन्याखालून कोरड्या खोलीत, जमिनीपासून वर, फळीवर ठेवा. डब्या आडव्या रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा.

आपली,
एक जुनी नैमित्तिक निवेदिका